डावीकडचा बाक

जानेवारीच्या शेवटी पाऊस पडता पडताच गोठला,
तारांवर, देवदारांवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर
बोटभर काच.
वीज गेली ती गेलीच.
ओझार्कच्या डोंगरांत, एका घळीत आमचं घर.
अकरा एकर, त्यातले सात निव्वळ दगड
आणि दगडांवर पोसलेल्या चौदा शेळ्या.

त्याच दुपारी टॅन्सी व्याली. तिळं.
दोघांना तिनं चाटून कोरडं केलं,
तिसऱ्याला डोक्यानं बाजूला सारलं,
जणू मोजण्यात काही चूक झाली होती.
ऑरिननं त्याला शर्टाच्या आत घालून आणलं,
शेगडीजवळ सफरचंदांच्या खोक्यात ठेवलं.
ओलं, पिवळट,
स्वतःच्या कानांचंही ओझं न पेलणारं.

जेवायला घेवड्याचं कढण आणि मक्याचा पाव.
जेवण झालं की वाचन.
आमच्याकडे शास्त्र क्रमानं वाचतात, सोयीनं नाही,
आणि त्या रात्री क्रमानं आला
मत्तयाचा पंचविसावा अध्याय:
मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे.
मग डावीकडच्यांना काय सांगितलं, तेही.

केझायाचा चमचा तोंडाशीच थांबला.
सात वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले.
"सगळीच शेरडं?"
हा दाखला आहे, ऑरिन म्हणाला, माणसांविषयी आहे.
"मग माणसंच का नाही म्हटलं?"
जोथाम हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प झाला.
ऑरिननं पान उलटलं नाही, पुस्तक मिटलंही नाही.
अडलेली शेळी अंधारात चाचपून मोकळी करणारा माणूस,
कंदिलाच्या काचेवरची काजळी बघत बसला.
"चला, प्रार्थना करू," शेवटी म्हणाला.
आम्ही विजेसाठी प्रार्थना केली.

दोन वाजता मी दूध गरम करायला उठले.
ती आधीच खोक्याशी बसलेली,
आजोबांचा कोट पांघरून,
बाटली तिरकी, करडाच्या हनुवटीखाली एक बोट,
मी दाखवलं होतं अगदी तसं.
शेपूट थरथरत होती, म्हणजे दूध पोटात उतरत होतं.
"भूक लागली होती त्याला," ती म्हणाली. "मी दिलं."
त्याच अध्यायात, जरा खाली, हेच शब्द आहेत.
मी बोलले नाही. एक लाकूड आत सरकवलं
आणि तशीच उभी राहिले.

आणखी एक गोष्ट बोलले नाही,
की तो बोकड आहे, की सप्टेंबरात ट्रक येतो,
की मागच्या दोघांच्या पैशांत जोथामचा चष्मा आला.
तिला ठाऊक असावं.
तीन दिवस झाले तरी तिनं त्याला नाव दिलं नव्हतं.

रविवारी रस्ता मोकळा झाला.
चर्चमध्ये आमची जागा ठरलेली:
उजवीकडे तिसरा बाक, हीटरच्या शेजारी,
ऑरिनचे वडीलही तिथेच बसत.
केझाया दारातून आत शिरली आणि डावीकडे वळली.

डावीकडे, मागे, मिसेस टॅकेट एकट्या बसतात.
त्यांच्या कोटाला रॉकेलचा आणि मांजरांचा वास येतो,
त्या गीत म्हणतात ते सगळ्यांच्या मागून, अर्धी ओळ उशिरा.
केझाया त्यांना लागून बसली,
हात मांडीवर, पाय अधांतरी.

ऑरिननं माझ्याकडे पाहिलं, टोपी हातातच.
पाळकांनी घसा खाकरला.
आधी जोथाम गेला, चष्मा पुसत.
मग आम्ही.
बाक अरुंद होता, आणि गार.
मिसेस टॅकेटनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली,
तिच्या तळहातावर ठेवली,
मग नाक जरा वर करून विचारलं,
"शेळ्यांचा वास येतोय का गं कुठून?"

"हो," केझाया म्हणाली. "आम्हीच."